आबांची बदली

आमच्या चाळीतल्या विश्राम भिवा घाडी या माणसाला, म्हणजे सगळ्यांच्या आबांना, कुणीही, कुठूनही पूर्ण नावानं हाक मारली की एकच उत्तर यायचं. "हजर!" 'काय गो' नाही, 'कोण ता' नाही, थेट "हजर!" तेही असं खणखणीत की नळावर पाणी भरणाऱ्या बायका दचकायच्या. आम्हा पोरांना तो खेळच झाला होता. आबा सकाळी बादली घेऊन संडासाच्या रांगेत उभे असले की मी जिन्याच्या कठड्याआडून ओरडायची, "विश्राम भिवा घाडी!" आणि आबा बादलीसकट ताठ होऊन, "हजर!" एकदा तर आतून आलं. अख्खी चाळ खो खो हसली, आबाही हसत हसत बाहेर आले आणि आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. म्हणाली, "वडीलधाऱ्या माणसाला असं पुकारतेस, जीभ झडेल एक दिवस!" माझी जीभ काही झडली नाही. पण आज तेच नाव मोठ्यानं घ्यायला ती वळत नाही.

ही सवय त्यांना गिरणीनं लावली होती. आबा मालवणाकडून लालबागला आले तेव्हा अठरा वर्षांचे होते, आणि पुढची अकरा वर्षं ते बदली कामगार होते. म्हणजे असं, की कायमचा माणूस त्या दिवशी आला नाही तरच यांना काम. रोज सकाळी सहाच्या आधी गिरणीच्या गेटावर जाऊन उभं राहायचं. आत हजेरी व्हायची, कुणाचं नाव पुकारून उत्तर आलं नाही की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बाहेर येऊन बदलीवाल्याचं नाव घ्यायचा. त्या क्षणी तोंडातून 'हजर' निघालं नाही तर मागचा माणूस पुढे. "हजेरी चुकली की दिवस गेलो," आबा सांगायचे. अकरा वर्षं ज्यानं दुसऱ्याच्या गैरहजेरीवर पोट भरलं, तो कायम झाल्यावर स्वतः कधी गैरहजर राहिला नाही. तापातसुद्धा जायचे म्हणे.

बदलीवरून त्यांचं एक वाक्य होतं आणि ते आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. "बदलीक गेलेल्यान पाळी अर्धी सोडूची नाय." दुसऱ्याच्या जागी उभा राहिलास ना, मग भोंगा होईपर्यंत हलायचं नाही. त्यानं विश्वासानं आपले साचे तुझ्या हातात दिलेत, तिथं अर्धं काम टाकून गेलास तर त्याचंही नाक कापलं जातं. साचे म्हणजे माग. हे वाक्य मला कसं पाठ झालं तेही सांगते. एकदा आई आजारी होती आणि मजल्याची गॅलरी धुवायची आमची पाळी होती. आईच्या ऐवजी मी झाडू घेतला, निम्मी गॅलरी धुतली आणि मैत्रिणींच्या हाका आल्या म्हणून पळाले. आबांनी मला खाली अंगणात गाठलं. ओरडले नाहीत. झाडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आवशीच्या जागी इलंस ना? मगे पुरा कर." मी रडत रडत उरलेली गॅलरी धुतली. तेवढा वेळ ते बादल्या भरून देत होते.

आबा विणकर होते, दोन साच्यांवर एक माणूस. दोन्हींच्या मध्ये उभं राहायचं, एकाकडे बघताना कान दुसऱ्याकडे ठेवायचा. "एक साचो बंद पडलो की दुसऱ्यातपण मन लागणा नाय," असं म्हणायचे. पुढे चाळीनं त्यांना आणि पार्वतीकाकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, 'जोडसाचे' असं नाव ठेवलं ते यावरूनच. कारण ही दोघं कुठंही सुटी दिसायची नाहीत. रेशनला दोघं, मतदानाला दोघं, बीपी तपासायला दोघं. गणपतीआधी हिंदमाताला काकींची साडी घ्यायला गेले की काकी दुकानात आणि आबा बाहेर फुटपाथवर पिशव्या धरून उभे, दर पाच मिनिटांनी आत डोकावून, "झाला?" काकींनी साडी दाखवली की त्यांचा एकच अभिप्राय, "पोत बरा आसा." रंगाचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. चहासुद्धा काकींची कपबशी भरल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत. "अहो, थंड होईल तुमचा," मी चिडवायची. "होऊ दे," म्हणायचे.

आमच्या पिढीला हे सगळं गोड वाटायचं. मलाही वाटायचं, त्यामागचं कळेपर्यंत. लग्नानंतरची बावीस वर्षं ही दोघं एकत्र राहिलीच नव्हती. आबा इथं एका खोलीत गाववाल्या माणसांबरोबर, पाळीपाळीनं झोपणारे. काकी गावाला सासूसासरे, शेत आणि एकुलती मुलगी सांभाळत. वर्षाकाठी एक महिना भेट. मग संप झाला, गिरणी कायमची गेली. इतर बायकांचे नवरे गावाला परतले; काकी उलट्या मुंबईला आल्या. "तिकडे दोघा बसून काय खातलव?" असं म्हणून मुलीला घेऊन एसटीत बसल्या. आबांना कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर वॉचमनची नोकरी मिळाली, काकी लालबागच्या मसाल्याच्या गिरणीत मिरच्यांची देठं काढायला लागल्या. संध्याकाळी त्या घरी आल्या की हाताची नुसती आग आग व्हायची, डोळ्यांना हात लावायची सोय नसायची. आबा कामावरून आलेले असले तर गॅलरीत त्यांना बसवून स्वतः त्यांच्या तोंडावर पाणी मारायचे आणि पंच्यानं तोंड पुसून द्यायचे. चाळीत त्या काळी बायकोचं तोंड पुसणारा दुसरा पुरुष मी तरी पाहिला नाही. लोक हसायचे. आबांना त्याची पर्वा नव्हती.

मुलगी लग्न होऊन कणकवलीला गेली, दोघं थकली, आणि मग ती साथ आली. पहिलं वर्ष कसंबसं निभावलं. लस आली तेव्हा चाळीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांची नावं घालायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण माझी नोकरी विम्याच्या कचेरीतली, घरून लॅपटॉपवर चाललेली, आणि स्मार्टफोनशी भांडायची चिकाटी माझ्यातच. एका नंबरावर चार माणसं घालता यायची. मी आबा आणि काकींना माझ्याच नंबरावर घातलं. आबा म्हणाले, "दोघांका एकदम होया हां. वायलावायला नको." मी म्हटलं, "आबा, हे काय लग्नाचं मुहूर्तपत्र आहे का? मिळेल तशी घ्यायची."

मिळाली ती वेगवेगळीच. आबांची सोमवारी परळला, काकींची गुरुवारी शीवला. तेव्हा अजून लस बऱ्यापैकी येत होती, मला वाटलं काम फत्ते. मी धावत सांगायला गेले तर आबा अडून बसले. "मी एकटो जावचंय नाय."

"अहो, एकटे कुठं? मी येते बरोबर."

"तसा नाय गो चेडवा. बावीस वर्सां मी हयसर आणि ही थयसर. आता काय होयत ता दोघांचा एकदम. ताप तर ताप, मराण तर मराण."

काकी आतून म्हणाल्या, "अवो, पोर एवढा करता आपल्यासाठी." पण आबा ढिम्म. आता मी तशी तापटच. दिवसभर कचेरीचं काम, वर चाळभर लोकांचे ओटीपी, त्यात आईचा खोकला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बरं, नको तर नको! बसा जोडीनं!" आणि तिथंच, त्यांच्या डोळ्यांसमोर, दोन्ही नोंदी रद्द करून टाकल्या; त्यांना वाटलं, नको म्हटल्यावर त्या आपोआपच गेल्या. खरं म्हणजे काकींची तरी ठेवायची. सोमवार येईपर्यंत आबांचा हट्ट उतरला असता, नाहीतर मी हाताला धरून नेलं असतं. पण नाही. मला माझा राग काढायचा होता. ती दोन बटणं दाबल्याचं मी आजही विसरू शकत नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे मी रोज फोन घेऊन बसायची. जागा उघडायच्या कधी दुपारी, कधी संध्याकाळी, अचानक, आणि ओटीपी येईपर्यंत संपायच्या. दोघांच्या जागा एकदम कुठं मिळणार! लस कमी यायला लागली होती, केंद्रं दोन दिवस चालू तर तीन दिवस बंद. शेजारच्या चाळीतून रोज एखादी ॲम्ब्युलन्स जायची. शेवटी एके संध्याकाळी एक जागा लागली, एकच, आबांच्या नावावर. मी त्यांच्या दारात गेले आणि या वेळी आधीच हात जोडले. "आबा, पाया पडते तुमच्या. उद्या तुम्ही जा, काकींचं पुढच्या आठवड्यात मी कसंही करून करते."

"बरा," आबा म्हणाले.

मला खरं वाटेना. "नक्की जाणार ना?"

"जातंय म्हटलंय ना? ती येतली वांगडा. बाहेर बसात."

मला वाटलं, आली बाई अक्कल. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. मी उठायच्या आत दोघं निघूनही गेली होती. दुपारी दोनच्या सुमाराला परतली. काकींचा चेहरा फुललेला. गॅलरीतूनच दंड दाखवत म्हणाल्या, "सुषमे, माका पण मिळाली! उरलेली होती एक!" आणि मागून आबा, तेही दंडावर कापूस दाबून धरलेले. दोघांची एकदम! मी तर देवापुढे साखर ठेवली.

संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर लस घेतल्याचा मेसेज आला. पार्वती विश्राम घाडी. मी दुसऱ्या मेसेजची वाट पाहिली. रात्रीचं जेवण झालं, दुसरा आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲप उघडून बघितलं तर आबांच्या नावापुढे लिहिलेलं, लस घेतलेली नाही. काकी नळावर गेल्या होत्या. मी आबांना गॅलरीच्या टोकाला नेलं आणि फोन पुढे धरला. "हे काय आहे, आबा?"

त्यांनी फोनकडे बघितलंही नाही. "हळू बोल. तिका सांगू नको."

मग सांगितलं. पहाटेच त्यांनी काकींना केंद्राच्या गेटावर नेऊन नोंद नसलेल्यांच्या रांगेत पहिल्या नंबरावर उभं केलं होतं. जसं स्वतः गिरणीच्या गेटावर उभे राहायचे, अगदी तसंच. त्या रांगेचा काही भरवसा नव्हता. आतल्या यादीतलं कुणी आलं नाही, आणि उघडलेल्या बाटलीत लस उरली, तरच त्यांना बोलावणं. यादीतल्या कुणालातरी गैरहजर राहायला हवं होतं. "तर मी रवलंय," आबा म्हणाले. काकींना 'माझी लाइन वेगळी' असं सांगून ते कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर तास-दीड तास बसून राहिले. मग खिशातून देवाच्या वातींचा कापूस काढून दंडावर दाबला, परत येऊन काकींशेजारी बसले आणि म्हणाले, "माझी झाली." शेवटची बाटली उघडली तेव्हा आतली बाई दारात आली आणि तिनं पुकारलं, "विश्राम भिवा घाडी!"

"तीनदा पुकारल्यानी," आबा म्हणाले आणि काकी येत नाहीत ना, ते नळाकडे बघितलं. मग म्हणाले, "जीभ दातांत धरून बसलंय. तिका वाटला, चुकान परत पुकारल्यानी. माझ्या उभ्या जल्मात पयली गैरहजेरी."

मला रडूच फुटलं. म्हटलं, "तुम्हाला काही झालं म्हणजे?" तर म्हणतात, "तू आसस ना? करशीत माझीपण." माझ्यावर एवढा भरवसा टाकला, आणि काकींना सांगणार नाही अशी शप्पथ घालून मोकळे झाले. मी ती घेतली. मनाशी म्हटलं, चार दिवसांत मिळवते तुमची, मग सांगायचा प्रश्नच नाही.

चार दिवसांनी आमच्या भागातल्या केंद्रांवर 'लस उपलब्ध नाही' असे कागद लागले. मी ठाण्यापर्यंत शोधलं, ओळखीपाळखी काढल्या, कुणाकुणापुढे तोंड वेंगाडलं. बाराव्या दिवशी आबांना ताप भरला. आधी म्हणाले उन्हाचा, मग खोकला, मग बोलता बोलता धाप. काकींनाही दोन दिवस कणकण आली आणि गेली. आबांचा ऑक्सिजन उतरत चालला तेव्हा मी फोन करून करून पालिकेची गाडी बोलावली. भर दुपार होती. पांढऱ्या झग्यातली दोन माणसं जिना चढून आली. बरोबर कुणाला येता येणार नाही म्हणाली. काकी पायात चपला घालून तयार होत्या, हातात पिशवी, पिशवीत दोघांचे कपडे. "मी पण येतंय," एवढंच म्हणत राहिल्या. त्या माणसानं मान हलवली आणि हातातला कागद बघत विचारलं, "विश्राम भिवा घाडी?"

आबा खुर्चीवर बसले होते. मान वर केली, श्वास गोळा केला आणि म्हणाले, "हजर."

तो आवाज मला पहिल्यांदा ऐकूच आला नाही, त्यांचे ओठ हलताना दिसले. मग खुर्चीसकट त्यांना खाली नेलं. जो माणूस लस घ्यायला एकटा जाणार नव्हता, तो असा गेला. सहाव्या दिवशी फोन आला. आम्हाला चेहरासुद्धा बघता आला नाही. मुलगी कणकवलीला अडकलेली, ती फोनवर रडत होती आणि काकी इकडे फोन कानाला लावून नुसत्या, "हं, हं," करत होत्या.

पहिली लस घेतली असती तर आबा वाचलेच असते, असं डॉक्टरसुद्धा छातीठोकपणे सांगत नाहीत. मीही विचारून पाहिलं. "सांगता येत नाही," म्हणाले. पण मन असलं काही ऐकतं का! मला फक्त एवढंच दिसत होतं, की मार्चमध्ये मी ती दोन बटणं दाबली नसती तर दोघांचीही लस वेळेत झाली असती. हे मी कुणाला सांगितलं नाही. आबांची शप्पथ होती ना, तिच्या आड माझीही चूक बरी लपली.

काकींच्या दुसऱ्या लसीची मुदत आली. मधली मुदत सरकारनं वाढवली होती, तीही भरली. आता लस मुबलक होती, केंद्रं ओस पडलेली, पाहिजे तेव्हा जा. पण काकी ऐकेनात. दर वेळी एकच. "तेंनी घेतल्यानी ना सुई? तरी गेले. मगे माका कित्याक?" चाळीतले लोक ते ऐकून माना डोलवायचे. दोघातिघांनी तर काकींचा दाखला देऊन स्वतःची लस पुढे ढकलली. आणि मी, जिला खरं ठाऊक होतं, ती गप्प. सांगावं तर या बाईला आयुष्यभराचं ओझं. न सांगावं तर ती अर्धवट लस घेऊन बसणार, आणि पुढची लाट येणार म्हणून सगळे सांगत होते. पंधरा दिवस मी घोळवत राहिले. शेवटी एके दुपारी काकी गॅलरीत लसूण सोलत बसल्या होत्या, तिथं जाऊन बसले आणि शप्पथ मोडली. आबांनी लस घेतलीच नव्हती, एवढं एक वाक्य कसंबसं बोलले.

काकींचे हात थांबले नाहीत. दोन पाकळ्या सोलून सुपात टाकल्या.

"माका ठावक आसा," त्या म्हणाल्या.

"कसं?" मी विचारलं.

"माझ्या वातींचो कापूस माका वळखाक येवचो नाय?" मग सूप बाजूला सारलं. "पयल्यांदा नाव पुकारल्यानी ना सुषमे, तेव्हाच माका कळला. ह्या माणसान जल्मात कधी हाक चुकवूक नाय. तीनदा पुकारल्यानी, आणि हे गप. रस्त्याकडे बघत रवले. मी म्हणाक होया होता, 'हे हजर आसत, हेंका न्या.' नाय म्हटलंय." त्यांचा आवाज फुटला. "माका भय वाटला गो. रोज कोण ना कोण मराचा. माका मराचा नाय होता. मी उठलंय आणि भितर गेलंय. आता दुसरी कुठच्या तोंडान घेव?"

म्हणजे आबांना वाटत होतं काकींना कळलं नाही, काकींनी आबांना कळू दिलं नाही की कळलंय, आणि मी दोघांपासून माझं लपवलेलं. इतकी वर्षं जोडीनं वावरलेली माणसं शेवटचे ते सगळे दिवस अशी एकमेकांपासून तोंड लपवत एका खोलीत राहिली. मला इतकं वाईट वाटलं, की माझ्या तोंडून माझंही सगळं बाहेर पडलं. मार्चची ती दोन बटणं, माझा राग, सगळं. वाटलं, काकी आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, लसणाचा, आणि तसाच ठेवून बसून राहिल्या.

बऱ्याच वेळानं मी डोळे पुसले, आणि मग माझा मूळ स्वभाव उसळून आला. रागच आला मला; त्यांचा, आबांचा, माझा स्वतःचा. म्हटलं, "काकी, तुम्हाला त्यांची जागा कुणी दिली? त्यांनीच ना? स्वतः नेऊन उभं केलं गेटावर. तुम्ही चोरली नाहीत. मग बदलीत गेलेल्यानं काय करायचं असतं, हे मी तुम्हाला शिकवू? मला झाडू हातात देऊन अख्खी गॅलरी धुवायला लावली होती त्यांनी. आणि तुम्ही त्यांची पाळी अर्धी टाकून घरात बसणार?"

बोलले आणि लगेच वाटलं, फार झालं. काकी सूप उचलून आत गेल्या. संध्याकाळी दार लोटलेलंच होतं. मी दोनदा जाऊन परत आले, हाक मारायचं धैर्य झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला माझ्या दारावर थाप. दार उघडलं तर काकी उभ्या. हिंदमाताची शेवटची साडी, जिचा पोत आबांना बरा वाटला होता, ती नेसलेली. हातात आधार कार्ड. "चल."

"काकी, केंद्र दहाला उघडतं. आता गर्दी नसते, आरामात जाऊ."

"गेटावर सहाच्या आधी उभा रवाचा," त्या म्हणाल्या. मी मुकाट्यानं चप्पल घातली.

चार तास आम्ही त्या बंद गेटाशी उभ्या होतो, मध्ये थोडा वेळ पायरीवर बसलो. ती कोपऱ्यावरच्या दुकानाची पायरी काकींनी मला दाखवली नाही आणि मीही विचारलं नाही. दहाला गेट उघडलं, नावं लिहून घेतली, आम्हाला आत बाकावर बसवलं. पाच-सातच माणसं होती. थोड्या वेळानं आतली बाई वही घेऊन दारात आली आणि तिनं पुकारलं, "पार्वती विश्राम घाडी!"

काकींनी आयुष्यात कधी चारचौघांत आवाज चढवला नव्हता. नळावर भांडणं झाली तरी त्या हंडा उचलून बाजूला व्हायच्या. मी उठून 'या आल्या' म्हणणार होते. त्याआधीच त्या माझ्या हातातून हात सोडवून उभ्या राहिल्या, पाठ ताठ केली.

"हजर!"

सगळी माणसं वळून बघायला लागली. वहीवाली बाई हसली, म्हणाली, "या आजी, या." मी त्यांच्यामागे निघाले तर काकींनी हातानं मला थांबवलं.

"तू बस," म्हणाल्या, आणि एकट्याच आत गेल्या.